परतबाईंचा उन्हाळी कोर्स

कुकरच्या तीन शिट्ट्यांत धडा संपला पाहिजे, हा आमच्या कोर्सचा पहिला नियम. धड्यांचं रेकॉर्डिंग आणि काटछाट बघणारी शबाना तो शब्दशः पाळायची. सात रस्ता चौकातल्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात तिने घरचा जुना कुकर आणून ठेवला होता. नवा व्हिडिओ तयार झाला की ती तांदूळ धुऊन लावायची, गॅस पेटवायची आणि मोबाइलवर धडा सुरू करायची. तिसरी शिट्टी झाली तरी माझी बडबड चालूच असली, की हात वर करून म्हणायची, "बाई, भात हो गया. अब बस करो." मग मी कुरकुरत एखादं वाक्य काढायचे. आमचे धडे बघणाऱ्या बायका स्वयंपाक करता करताच ते बघणार, हे तिला माझ्याआधी कळलं होतं. धडा फार लांबला तर भाताचा गिचका व्हायचा आणि तो शेंगाचटणीबरोबर मलाच खावा लागायचा.

दिवाळीच्या अंकासाठी मला शाळेतल्या चौतीस वर्षांच्या आठवणी मागितल्या होत्या. पण सांगायचा आहे तो निवृत्तीनंतरचा एकच उन्हाळा. त्या चौतीस वर्षांचा निकाल त्या उन्हाळ्यात लागला.

सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या खडखडाटात उभ्या असलेल्या एका मराठी शाळेत मी शिकवत होते. वर्गातली निम्मीअधिक मुलं घरी तेलुगू बोलायची, गल्लीत दखनी बोलायची आणि माझ्यासमोर जपून मराठी. माझ्या पाठीमागे ती मला 'परतबाई' म्हणायची. हे मला ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. कारण मी मुलांना कधी हात लावला नाही. वाचताना मूल चुकलं की मी एवढंच म्हणायचे, "परत." म्हणजे ओळ पहिल्यापासून. पुन्हा चुकलं, पुन्हा "परत". छडी नाही, ओरडणं नाही. शेजारच्या वर्गातून पट्टीचे आवाज आले की मला माझ्या त्या तीन अक्षरांचा मोठा अभिमान वाटायचा.

शिक्षकाला जून महिना कसा जातो ते बाहेरच्यांना कळायचं नाही. एप्रिलमध्ये घडाघडा वाचणारं मूल जूनमध्ये समोर उभं राहतं आणि जोडाक्षर आलं की रेल्वे फाटकापाशी थांबावं तसं थांबतं. सुट्टीभर पुस्तकाला हात लागलेला नसतो. दर जूनला मी ठरवायचे की पुढच्या सुट्टीत यावर काहीतरी करायचं, आणि दर सुट्टीत सोलापूरच्या उन्हाने अर्धमेली होऊन पंख्याखाली पडून राहायचे. निवृत्त झाल्यावर ती सबब उरली नाही. मुलांच्या वाचनाचं काम करणारी पुण्याची एक संस्था पालकांसाठी ऑनलाइन कोर्स काढणार होती. सुट्टीत शाळा बंद, शिक्षक गावाला, तेव्हा मुलांना वाचतं ठेवतील तर आई-बापच, असा विचार. धडे लिहायला त्यांना इथली माणसं ओळखणारं कुणीतरी हवं होतं. मी हो म्हटलं. हट्टी माणसाला असली कामं मानवतात.

लोकांना वाटतं, ऑनलाइन कोर्स म्हणजे कॅमेऱ्यासमोर बसून बोलायचं. बोलणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. एका धड्यात एकच गोष्ट सांगायची. ती करून बघायला एक काम द्यायचं. मग ते काम झालं की नाही हे कळण्यासाठी एक छोटा फॉर्म. निराळं अॅप कुणी उघडत नाही, म्हणून सगळं व्हॉट्सअॅपवर पाठवायचं. खरी अडचण वेगळीच असते. वर्गात आपण काही चुकीचं बोललो तर समोरच्या चाळीस चेहऱ्यांवरून ते लगेच कळतं. इथे शब्द एकदा पाठवला की तो कुणाच्या घरात जाऊन पडतो आणि तिथे त्याचा काय अर्थ होतो, हे बघायला आपण तिथे नसतो.

माझा तिसरा धडा असा होता: 'रोज पंधरा मिनिटं मुलाचं वाचन घ्या.' त्याखाली फॉर्म, 'आज किती चुका झाल्या?' आणि आठवड्यातून एकदा मुलाच्या वाचनाचं मिनिटभराचं रेकॉर्डिंग. 'वाचन घेणं' हा आम्हा मास्तर लोकांचा शब्द. वर्गात उभं करायचं, पान काढायला सांगायचं आणि चुका टिपायच्या. तो शब्द लिहिताना माझी लेखणी एकदासुद्धा अडली नाही.

कोर्सला नाना तऱ्हेचे पालक आले. एका गृहस्थांनी सगळे धडे एका दुपारी बघून टाकले आणि संध्याकाळी प्रमाणपत्र मागितलं. त्यांच्या मुलाने काय वाचलं असं विचारल्यावर म्हणाले, तो मामाकडे गेलाय. केम गावचे एक आबा होते, शेळ्या राखणारे. मुलगा-सून कामाला बाहेरगावी, दुसरीतली नात आबांपाशी. स्टेशनाजवळ रेंज बरी येते म्हणून ते शेळ्या त्या बाजूला वळवायचे आणि तिथे बसून धडा ऐकायचे. तिसऱ्या धड्यानंतर त्यांचा बोलका निरोप आला, "बाई, मला वाचाया येत न्हाय. मग चुका कशा मोजू?" मी कळवलं, की शेजारीपाजारी कुणी शिकलेलं असेल तर त्यांना वाचन घ्यायला सांगा. त्यावर म्हणाले, "हितं कुनी न्हाय तसं. मी आपला नुसता मग गं, मग गं म्हनत बसतो." मी त्यांना एक हसरा चेहरा पाठवला आणि विसरून गेले. चुकांचा रकाना रिकामा, म्हणून आबांच्या नावापुढे दर आठवड्याला 'अपूर्ण' असा शेरा पडत गेला.

याच्या अगदी उलट अंबादास. यंत्रमागावर टॉवेल काढणारा कामगार. मुलगी श्रावणी, तिसरी संपवून चौथीत जाणारी. या माणसाने एक दिवस चुकवला नाही. चुकांचा आकडा रोज, रेकॉर्डिंग वेळेच्या आधी. त्याच्या नावापुढे ओळीने 'पूर्ण' लागलेलं बघून मला फार बरं वाटायचं. पुण्याच्या लोकांबरोबरच्या बैठकीत मी त्याचा दाखलासुद्धा दिला होता.

सगळी रेकॉर्डिंग शबाना कानाला हेडफोन लावून ऐकायची. एक दिवस तिने हेडफोन काढून माझ्या कानाला लावला. श्रावणीची चार आठवड्यांची चार रेकॉर्डिंग तिने एकापाठोपाठ एक ऐकवली. पहिल्यात मुलगी धावत सुटली होती, मध्येच स्वतःशी हसलीही. दुसऱ्यात चाल मंदावली. चौथ्यात ती पुटपुटत होती, आणि ओळ अर्ध्यावर आली की मागून एका पुरुषाचा शांत आवाज यायचा, "परत."

"ये बच्ची डरको पढ रही, बाई," शबाना म्हणाली.

मी म्हटलं, अगं, सुट्टीत कंटाळली असेल. तो 'परत' मी नीट ऐकला होता. मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. उलट बापाचा आवाज जराही चढत नाही, याचं कौतुक वाटलं.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी, डांबराला चप्पल चिकटावी असल्या उन्हात, रेणुका आमचा जिना चढून वर आली. ही अंबादासची बायको. बरोबर श्रावणी. रेणुका घरी विड्या वळते. कारखान्यात विड्या पोचवून ती परस्पर इकडे आली होती. घरात तेलुगू, त्यामुळे मराठी जेमतेम, आणि वाचायला तर कुठलीच भाषा येत नव्हती. पाणी प्यायली आणि हळूहळू सांगू लागली. पोरीला पूर्वी नवी पेठेत नेलं की रिक्षात बसल्या बसल्या ती दुकानांच्या सगळ्या पाट्या मोठ्याने वाचायची. माणसं वळून बघायची, हिला लाज वाटायची. आता पाटी दिसली की मान खाली घालते.

"बाई, ते कोर्स बंद करा की," ती म्हणाली. "पोरगी वाचायचं सोडली. शाळेला पण जात नाही म्हणती. तिच्या बाबाचं पण असंच सुटलं होतं."

टेबलावर बिस्किटाचा पुडा होता. तो मी श्रावणीपुढे सरकवला आणि सहज विचारलं, यावर काय लिहिलंय गं? तिने पुड्याकडे पाहिलंच नाही. माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी पुढे काय म्हणणार याची ती वाट बघत होती.

अंबादासच्या आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. अंबादासने मला दारात बघितलं आणि वाकून नमस्कार केला. "बाई, मी अंबादास. सातवी क. खिडकीजवळ बसायचो." मला आठवेना. चौतीस वर्षांत खिडकीजवळ बरीच मुलं बसून गेली. तो म्हणाला, व्हिडिओत तुम्ही दिसलात म्हणून तर कोर्स घेतला, दुसऱ्या कुणाचा असता तर घेतला नसता.

मग त्याने मला घरातली शाळा दाखवली, नवा माग दाखवावा तशी. एक स्टूल, त्यावर पुस्तक, ओळीखाली धरायला प्लास्टिकची पट्टी. श्रावणी कुठे उभी राहते ती फरशी. "तुम्ही म्हणालात वाचन घ्या. वाचन कसं घेतात ते मला माहीत आहे की. तुमच्यासारखंच घेतो. हात लावत नाही, ओरडत नाही. फक्त परत म्हणतो."

कोपऱ्यात रेणुका सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती. तिने मान वर केली नाही. मी अंबादासला विचारलं, तू शाळा का सोडलीस? तो आधी हसला. वाचनाच्या तासाला पोटात दुखायचं म्हणाला, घरी कुणाला खरं वाटायचं नाही. मग म्हणाला, "एकदा एकाच ओळीला बारा वेळा परत झालं, बाई. सगळा वर्ग हसला. तुम्ही नाही हसला, ते माझ्या लक्षात आहे. दुसऱ्या दिवसापासून मी आलोच नाही. तुमचं काही चुकलं नाही, माझंच डोकं चालत नव्हतं. म्हणून तर हिच्या मागं लागलोय."

त्यापेक्षा त्याने मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मला लाज वाटली, आणि ती लपवायला त्या घरात जागा नव्हती. हजेरीत त्याच्या नावापुढे मी काही दिवस गैरहजर लिहिलं असेल, मग कधीतरी नाव कमी केलं असेल, आणि संध्याकाळी घरी जाऊन जेवलेही असेन. आता तोच 'परत' मी चांगल्या कागदावर लिहून, व्हिडिओ करून, घरोघर पाठवत होते. शाळा उघडायला अठरा दिवस होते. मी अंबादासला सांगितलं, पट्टी कपाटावर ठेव आणि श्रावणी शाळेत जाईपर्यंत वाचनाबद्दल एक शब्द बोलू नकोस. बाकीचं मी बघते. कसं बघणार होते ते मलाही माहीत नव्हतं.

ऑफिसात आल्याबरोबर पुण्याला फोन लावला. कोर्सच्या प्रमुख बाई समंजस होत्या, पण त्यांचंही चुकत नव्हतं. म्हणाल्या, लोक धडे बघतायत, फॉर्म भरून येतायत, चालती गाडी मध्येच कशाला थांबवायची? एका घराचा प्रश्न आहे, त्यांच्याशी वेगळं बोला आणि धडा पुढच्या वर्षी बदलू. मी म्हटलं, आम्ही एकाच घराची रेकॉर्डिंग लागोपाठ लावून ऐकलीत, बाकीच्या घरांत काय चाललंय ते त्यांच्या रकान्यांतून आपल्याला दिसायचं नाही. आणि पुढच्या वर्षी ही मुलगी पाचवीत तरी असेल नाहीतर आईशेजारी सूप घेऊन बसलेली असेल. त्या पुन्हा पुढच्या वर्षावरच आल्या. मी म्हटलं, धडा मी लिहिलाय, मीच पुसणार. तुम्ही नाही म्हणालात तर मी माझ्या फोनवरून प्रत्येक पालकाला कळवीन. शेवटी त्यांनी चार दिवस दिले.

त्या चार दिवसांत शबानाने सगळी रेकॉर्डिंग पुन्हा ऐकली. आठ-दहा घरांत मुलांचे आवाज तसेच बारीक होत गेले होते. सगळ्यांच्या नावापुढे 'पूर्ण' होतं. आणि मग तिने केमच्या आबांच्या नातीचं रेकॉर्डिंग लावलं. पोरगी अडखळत, चुकत, मधलेमधले शब्द खात, पण जोरात चालली होती. ती थांबली की शेळ्यांच्या बेंबाटण्यातून आबांचा आवाज यायचा, "मग गं?" आणि ती पुढे निघायची. एवढा मोठा कोर्स मी आखला, आणि तो एका माणसाला आधीपासून येत होता. त्याला मी दर आठवड्याला नापास करत होते.

नवा तिसरा धडा मी कागद न घेता बोलले. "मागे मी तुम्हाला वाचन घ्या म्हणाले होते. ते माझं चुकलं. वाचन घेणं मास्तरांचं काम, आणि ते मलासुद्धा नीट जमलेलं नाही. तुम्ही फक्त ऐकून घ्या. मूल चुकलं तर चुकू द्या. थांबलं तर एकच शब्द म्हणा, मग? हे मला आपल्यातल्याच एका आजोबांनी शिकवलं." एवढ्यात धडा संपला. कुकरची एकच शिट्टी झाली होती, शबानाला भात खाली उतरवताच येईना. चुकांचा रकाना आम्ही काढून टाकला आणि तिथे विचारलं, 'आज मुलाने काय सांगितलं?' उत्तर बोलून पाठवलं तरी चालेल.

'ऐकून घेणं' याचा मराठीत आणखी एक अर्थ आहे, तोही त्या आठवड्यात माझ्या वाट्याला भरपूर आला. एका वडिलांनी लिहिलं, चुका दाखवायच्या नाहीत तर पालक हवेत कशाला, रेडिओपुढे बसवतो मुलाला. माझ्याच जुन्या शाळेतल्या एका सहकारी बाईंनी फोन करून विचारलं, सगळं आयुष्य शिकवण्यात घातलंस आणि आता कॅमेऱ्यापुढे कबुली कशाला? मी ऐकून घेतलं. आबांचा निरोप तेवढा निराळा होता, "चुकलं म्हननारी मास्तरीण पयल्यांदाच बगितली."

पण श्रावणी वाचेना. पट्टी कपाटावर गेली, बाप गप्प झाला, तरी पुस्तक समोर आलं की तिचे खांदे वर जायचे. न म्हटलेला 'परत'ही तिला ऐकू येत असावा. मग मी रोज सकाळी रेणुका कामाला बसायची त्या वेळेला त्यांच्याकडे जाऊन बसायला लागले. बरोबर एक पातळ चित्रांचं पुस्तक न्यायचे, मुखपृष्ठावर छपरावर चढलेली शेळी. ते फरशीवर ठेवायचे आणि त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. पहिले तीन दिवस ते तिथेच पडून राहिलं. माझ्यासारख्या बाईने पुस्तकाबद्दल तीन दिवस गप्प बसायचं म्हणजे उपासच.

रिकामं बसवेना म्हणून चौथ्या दिवशी मी रेणुकाकडे विडी वळायला मागितली. पान कातरायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, बोटांनी गुंडाळायचं आणि दोरा मारायचा. ती बोलता बोलता वळते. माझी विडी म्हणजे मधोमध फुगलेली सुरळी झाली. श्रावणी खुदकन हसली. रेणुकाने ती विडी बाजूला ठेवली आणि काही न बोलता दुसरं पान माझ्या हातात दिलं. तीही फुगली. तिने तिसरं पान दिलं. मी मनात म्हटलं, शिकवणं हिला येतं.

त्याच सकाळी रेणुकाची नजर पुस्तकावर गेली. तिने श्रावणीला तेलुगूत काहीतरी विचारलं. ती शेळी तिथे वर काय करतेय, असं असावं. मला तेलुगूतले पाचपन्नास शब्द येतात, तेही शाळेच्या आवारातले. श्रावणीने चित्राकडे बघून काहीतरी सांगितलं. रेणुकाचे हात चालू होते, डोळे चित्रावर होते. "तर्वात?" ती म्हणाली. तर्वात म्हणजे नंतर, पुढे, आपलं मग. रेणुकाने आमचा नवा धडा पाहिलेला नव्हता. तिला खरोखरच पुढे काय झालं ते हवं होतं. श्रावणीने पान उलटलं. चित्रात आता नुसतं छप्पर होतं, शेळी नव्हती. शेळी कुठे गेली हे कळायचं तर खालच्या दोन ओळी वाचणं भाग होतं. तिचे ओठ हलले, आवाज नाही. मग तिने आईला तेलुगूत सांगितलं.

"तर्वात?"

पुस्तक संपेपर्यंत हे असंच चाललं. ती बरोबर सांगत होती की मनाचं जोडत होती, मला काही कळत नव्हतं, आणि कळत नव्हतं म्हणूनच माझ्याकडून चूक काढणं झालं नाही. मी फक्त रेणुकाचा चेहरा बघत होते. शेवटी ती हसली, तेव्हा गोष्ट पोचली असं मी धरलं. मला राहवेना, म्हटलं, श्रावणी, मला मराठीत सांगशील?

"तुम्ही परत म्हणाल," ती म्हणाली.

मी नाही म्हणणार, असं सांगितलं. तिने मान हलवली नाही. मी आणखी एक विडी बिघडवली आणि घरी आले. दुसऱ्या दिवशी दुसरं पुस्तक नेलं, तिसऱ्या दिवशी तिसरं. आठवड्याने ती ओळ मोठ्याने मराठीत वाचून मग आईला तेलुगूत सांगू लागली. वाचताना चुकायची. मी पान कातरत बसायचे. अंबादास कामावरून आला की दाराबाहेरच थांबून ऐकायचा, आत आला तर ती थांबेल अशी त्याला भीती वाटायची.

कोर्सचं शेवटचं काम असं होतं, की आता पालकाने मुलाला काहीतरी वाचून दाखवायचं. जिथे वाचता येत नाही तिथे गोष्ट सांगायची. शाळा उघडण्याच्या आधीच्या रविवारी शबाना रेकॉर्डिंग करायला माझ्याबरोबर त्यांच्या घरी आली. अंबादास तयारच होईना. म्हणाला, रेणुका सांगेल गोष्ट, तुम्ही तिचंच घ्या. आमच्यासमोर वाचायला त्याला नको होतं, आणि त्याचं कारण समोर बसलं होतं.

श्रावणीने शेळीचं पुस्तक त्याच्या हातात दिलं. "बाबा, तुम्ही वाचा. आम्ही परत म्हणत नाही."

त्याने पुस्तक घेतलं आणि सवयीने उभा राहिला. चाळिशीकडे झुकलेला माणूस, पाय जुळवून. श्रावणीने त्याचा शर्ट धरून त्याला खाली ओढलं आणि शेजारी बसवलं. तो वाचायला लागला. बोट ओळीखाली, एकेक शब्द सुटा सुटा. शेळी छपराच्या भोकातून कुठे पडते, त्या ओळीवर तो अडला. शब्द होता 'स्वयंपाकघरात'. "सव... सवय... सवयंप..." त्याच्या कपाळावर घाम आला. रेणुकाचे हात थांबले. मला त्या क्षणी सातवी क दिसली, आणि खिडकीजवळचा मुलगाही आठवला.

"तर्वात?" श्रावणी म्हणाली.

त्याने तो शब्द तसाच सोडला आणि पुढच्या ओळीवर गेला. तिथे भांडी पडली, पीठ सांडलं. ते त्याने वाचलं. रेणुका हसली, मग तोही हसला आणि शेवटच्या पानापर्यंत जाऊन थांबला. पुस्तक मिटून त्याने माझ्याकडे नाही, मुलीकडे पाहिलं.

शाळेच्या आदल्या दिवशी रेणुकाचा निरोप आला. मायलेकी वह्या आणायला नवी पेठेत गेल्या होत्या, पोरीने रिक्षात इतक्या पाट्या वाचल्या की रिक्षावाला म्हणाला, आता मला पण पाठ झाल्या. दुसऱ्या दिवशी श्रावणी शाळेत गेली. चौथीच्या बाईंना मी भेटून आले. काय बोलले ते इथे लिहीत नाही, पण त्यांनी ऐकून घेतलं.

अंबादासच्या परवानगीने त्याचं वाचन आम्ही कोर्सचा शेवटचा धडा म्हणून लावायचं ठरवलं. शबाना ते कापून नीट करत होती, कुकर चढवलेला होता. तिसरी शिट्टी होऊन गेली तरी अंबादास वाचतच होता. कुठेतरी कापायलाच हवं होतं. तेवढ्यात ती एका जागी थांबली, मागे गेली, पुन्हा ऐकलं.

"बाई, ये देखो. वो अटका ना, उसके बाद किसका तो 'प' आ रहा. छोटासा है. काटूं?"

मी हेडफोन लावला. "सवयंप..." मग शांतता, आणि त्या शांततेत एक बारीकसा 'प'. त्याच्या लगेच मागून श्रावणीचं "तर्वात?"

"काटू नको," मी म्हटलं. "तो माझा आहे. पुढची दोन अक्षरं गिळायला मला चौतीस वर्षं आणि एक उन्हाळा लागला."